बेहड्यातली ढोली

"बाबांचं एक अक्षर बदललं नाही मी, भागोजीकाका!" लेखक अण्णांच्या मुलीनं गेल्या महिन्यात निघालेलं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. वडील गेल्यावर तिनं त्यांचे लेख विषयवार लावले होते. हा खंड पक्ष्यांचा.

चाळीस वर्षांपूर्वी भागोजींनी लेखकाला धनेश पक्ष्याची झाडातली ढोली दाखवली, ती देवराईतल्या पाषाणावर हात ठेवायला लावूनच: जागा लिहायची नाही. लेखकानं शब्द पाळला. एका लेखात ओढ्याचं नाव, दहा वर्षांनी दुसऱ्यात जुळे कातळ, तिसऱ्यात वाकडा बेहडा. कुणाला पत्ता लागला नाही.

भागोजींनी चष्मा लावून पानं उलटली. ओढा, कातळ, बेहडा: तिन्ही लेख पाठोपाठ लागले होते.

"महिनाभर कॅमेरेवाले वाट न विचारता सरळ बेहड्याखाली येतायत," भागोजी म्हणाले. "मला वाटलं, जाता जाता अण्णांनीच कुणाला सांगून टाकलं. रोज शिव्या घातल्या त्यांना."

तिचा चेहरा उतरला. "आणि पिल्लं?"

"चोचीपुरती फट ठेवून ढोलीचं तोंड लिंपून मादी आत बसलीय. नर चारा घेऊन येतो, माणसं बघतो, मागे फिरतो." त्यांनी पुस्तक तिच्या हातात परत ठेवलं. "कालपासून मादीची चोच फटीबाहेर आली नाही."