फोकस कोणी केला?

"हा फोटो तुम्ही काढलेला नाही मॅडम, कॅमेऱ्याने काढलाय," गुणवंत म्हणाले आणि त्यांनी स्वरूपाच्या हातात प्रिंट परत दिली.

मंडी हाउसजवळच्या चहाच्या टपरीवर फोटोग्राफी क्लबची मंडळी उभी होती. रविवारी सकाळभर जुन्या दिल्लीत भटकून झालं की सगळे इथे जमायचे, चहा घेत एकमेकांचे फोटो बघायचे. आज सगळे स्वरूपाच्या फोटोभोवती गोळा झाले होते.

फोटोत गच्चीवर एक म्हातारा कबुतरबाज उभा होता. मागे धुकं. कबुतरांचा थवा नुकताच उडालेला. पंखांच्या त्या गर्दीतून म्हाताऱ्याचा एकच डोळा दिसत होता, पण इतका लख्ख, की पापणीवरचे दवाचे थेंबही मोजता यावेत.

गुणवंतांचं म्हणणं सरळ होतं. एवढ्या धांदलीत माणसाच्या हाताने फोकस होणं शक्यच नाही. हे नवे मिररलेस कॅमेरे डोळा आपोआप शोधतात, सेकंदाला ढिगाने फोटो काढतात. त्यातला एखादा बरा निघणारच. त्यांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल असायचा, आणि बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा.

स्वरूपाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डोळा कॅमेऱ्याने शोधला, सर. पण महिनाभर पहाटे उठून त्या गच्चीवर मी चढत होते."

सगळे हसले. गुणवंत हसले नाहीत. त्यांनी पुढच्याचा फोटो मागितला.

क्लबला हे भांडण सवयीचं झालं होतं. क्लबमध्ये मराठी फक्त हे दोघंच, आणि दोघांचं मुळीच पटत नाही, अशी गंमत क्लबचा सेक्रेटरी प्रसन्न नेहमी करायचा. प्रसन्न नोएडाच्या एका कंपनीत इंजिनिअर होता. नावावरून त्यालाही लोक मराठी समजत, पण तो होता ओडिशाचा. गुणवंत आणि स्वरूपा वाद घालायचे तेही हिंदीत, सगळ्यांना कळेल असे.

गुणवंत केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मयूर विहारला राहणारे. क्लब त्यांनीच उभा केला होता. नवख्यांना ते जवळ बसवून उजेड, सावली समजावून सांगत. स्वरूपा गुरुग्रामला आयटीत होती, द्वारकेहून यायची. ती क्लबमध्ये आली त्याला तीन वर्षं झाली, पण गुणवंतांनी तिच्या एकाही फोटोला बरं म्हटलं नव्हतं. इतरांच्या चुका ते हळुवार सांगत, तिच्या मात्र फटकळपणे.

शिवांगी नावाच्या मैत्रिणीने तिला एकदा दुसरा क्लब सुचवला होता. स्वरूपा म्हणाली होती, "नको यार. हे ज्या दिवशी चांगलं म्हणतील, त्या दिवशी ते खरंच चांगलं असेल."

वार्षिक प्रदर्शन जवळ आलं. दरवर्षी तीन परीक्षक असत आणि त्यांत गुणवंत प्रमुख. या वर्षी स्वरूपाने पहिल्यांदाच फोटो पाठवला होता. फोटोंची यादी हातात आल्यावर गुणवंतांनी प्रसन्नला फोन केला आणि आपण परीक्षक राहणार नाही, उरलेल्या दोघांनी काय ते ठरवावं, असं सांगून टाकलं. कारण काही दिलं नाही.

प्रसन्नला कारण विचारायची गरज वाटली नाही. नव्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत म्हाताऱ्याचा अहंकार आड आला, असं त्याचं मत झालं, आणि दोन दिवसांत सगळ्या क्लबचंही. त्याने स्वरूपाला फोन करून दिलगिरीसुद्धा व्यक्त केली. ती एवढंच म्हणाली, की सरांनी ठरवलंय तर तसंच होऊ दे.

गुणवंतांच्या पत्नी विजयालक्ष्मी यांना मात्र राहवलं नाही. "इतकी वर्षं परीक्षक होतात. लोक म्हणतील, घाबरून पळाले."

"म्हणू दे."

"बरं, तो कबुतरांचा फोटो कसा आहे? खरं सांगा."

गुणवंत कप घेऊन बाल्कनीत गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी ते इस्त्रीचा कोट घालून पत्नीबरोबर आले आणि शेवटच्या रांगेत बसले. दोन्ही परीक्षकांनी एकमताने पहिला क्रमांक दिला तो कबुतरबाजाच्या फोटोला. टाळ्या थांबेनात. प्रसन्नने मुद्दामच माइकवरून जाहीर केलं, की पारितोषिक गुणवंत सरांच्या हस्ते दिलं जाईल.

गुणवंत उठले, सावकाश पुढे आले. त्यांनी स्वरूपाच्या हातात मानचिन्ह दिलं, आणि माइककडे न जाता आधी भिंतीवरच्या त्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मग वळले.

"यात मी चूक शोधत होतो," ते म्हणाले. "भिंग घेऊन शोधली. सापडली नाही. त्या गच्चीवर मी असतो तर फोकस करेपर्यंत थवा निघून गेला असता. आणि मुळात त्या म्हाताऱ्याने मला इतक्या जवळ उभं राहू दिलं नसतं. हा फोटो मला काढता आला नसता."

आयुष्यात त्यांनी एवढी मोठी कबुली कधी दिली नव्हती. पण ते खाली बघत नव्हते. छाती काढून उभे होते, जणू मानचिन्ह त्यांनाच मिळालं होतं.

प्रसन्नला हा क्षण सोडवेना. "मग आता मान्य करा, सर. शेवटी नवा कॅमेरा जिंकला."

गुणवंतांनी स्वरूपाकडे पाहिलं. तिने हसून होकारार्थी मान हलवली.

"कॅमेरा कसला जिंकतोय," ते म्हणाले. "माझी सख्खी मुलगी जिंकली."