आभार तोंडावर मानायचे असतात

"कैद्याचं नाव..."

"नाव घेव नको," आंतोन मास्तर म्हणाले. "ह्या घरात ता नाव घेत नाय."

हवालदार जितेंद्रने कागद मांडीवर पालथा घातला. सातवीत त्याने मास्तरांच्या छड्या खाल्ल्या होत्या. अजूनही त्यांच्यासमोर तो खुर्चीच्या कडेवरच बसत असे.

"नाय घेणंय. पण विचारूक तर व्हया." मग त्याने सरकारी आवाज काढला. "सदर कैद्याने पॅरोलसाठी अर्ज केला आहे. पुढच्या महिन्याची पंधरा तारीख ते महिनाअखेर. मयताचे वडील म्हणून आपली हरकत आहे का?"

आठ वर्षांपूर्वी कोल्हापुरात ब्रॅंडनचा खून झाला. एकुलता एक मुलगा, हॉटेलात कामाला होता. खोलीतल्या सोबत्याने भांडणात सुरा मारला. ब्रॅंडन फोनवर त्याला नुसतं 'पार्टनर' म्हणायचा, त्यामुळे मास्तरांना नाव कधी कळलंच नाही. पुढे त्यांनी ते कळूही दिलं नाही. कोर्टाची पायरी ते चढले नाहीत. वकिलाने फोनवर जन्मठेप झाल्याचं सांगितलं, तेव्हा "बरां" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"कागद पालथोच ठेवन जा," मास्तर म्हणाले. "उद्या सांगतंय."

त्यांची बायको रोझालिना दारातच उभी होती. जितेंद्रची मोटरसायकल रेडीच्या रस्त्याला लागेपर्यंत ती थांबली.

"दर आयतारा चर्चीत मिसाक बसतास," ती म्हणाली. "माफ कर, माफ कर म्हणतास. ता कोणासाठी?"

 मास्तरांनी स्टँपांची पेटी पुढ्यात ओढली. जीव घाबरा झाला की ते हेच करत.

जगभरच्या होड्या-गलबतांचे स्टँप ते चाळीस वर्षं जमवत होते. सहा वर्षांपूर्वी एका रविवार पुरवणीत त्यांच्या संग्रहावर चार ओळी छापून आल्या आणि मिरजेहून सत्यवान नावाच्या कुणाचं पत्र आलं. मीही जमवतो, म्हणाला. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी पार्सल ठरलेलं. वस्तू भारी नसत, पण पाठवणाऱ्याचं लक्ष दिसे. दमट हवेत स्टँप चिकटतात, असं मास्तरांनी एकदा सहज लिहिलं, तर हाताने केलेली बटर पेपरची साठ पाकिटं आली. नजर मंदावल्याचं कळवलं, तर लाकडी मुठीचं भिंग आलं. आणि ही पेटी. तिचं झाकण डाव्या हाताला सोयीचं उघडत होतं.

"मी डावरो, ह्या तेका कोणी सांगल्यान?" तेव्हा मास्तरांनी विचारलं होतं.

"अक्षरावरसून कळला आसतला," रोझालिना म्हणाली होती, आणि ते दोघांनाही पटलं होतं.

पत्रांत दोघे फक्त स्टँपांबद्दलच लिहीत. मास्तरांनी ब्रॅंडनचं नाव कधी काढलं नाही. सत्यवानानेही घरादाराचं काही लिहिलं नाही. पत्ता बहिणीचा होता. फिरतीची नोकरी असणार, असं मास्तरांनी आपलं ठरवून टाकलं.

एक गोष्ट मात्र मास्तरांच्या मनाला लागून राहिली होती. सहा वर्षांत त्यांनी आभाराचा एक शब्द लिहिला नव्हता. 'देव बरें करूं' कागदावर लिहायचं नाही, देणाऱ्याचे हात धरून म्हणायचं, ही त्यांच्या आईची शिकवण. "तू ये, तोंडावर म्हणतो," असं ते दर पत्रात लिहीत. गेल्या आठवड्यात अखेर उत्तर आलं: साहेबांनी सुट्टी दिली तर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला येतो. मलाही तुम्हाला तोंडावर काही सांगायचं आहे.

वेळ फारसा नव्हता. गणपतीनंतरचे बेत करू नका, असं डॉक्टर मास्तरांना हसत हसत म्हणाले होते. रोझालिना हसली नव्हती.

"माफ करा," ती पुन्हा म्हणाली. या वेळी तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या पोरासाठी न्हय. स्वताक सोडवा."

 खरं सांगायचं तर मास्तर विरघळत चालले होते. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्यांचं लक्ष गेलं. वीस तारखेभोवती त्यांनीच लाल गोल काढला होता.

"पंधरा ते महिनाअखेर," ते पुटपुटले. "रोझी, माझो सत्यवान येतलो त्याच दिसांनी तो मोकळो फिरतलो. हय इलो तर? दारात उभो रवलो तर? माझो एक बरो दीस आसा गो. तो माका नासवूचो नाय."

पुढे रोझालिनाचं काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी जितेंद्र आला.

"ह्या सहीनंतर तेका सोडूचे नाय, मास्तर."

"म्हणानच करतंय."

नाव दिसू नये म्हणून कागदाचा वरचा भाग दुमडूनच त्यांनी सही केली. वाटलं होतं तसं हलकं मात्र वाटलं नाही.

वीस तारखेला रोझालिनाने नारळ-गुळाचं दोदोल केलं. मास्तर नाताळचा सदरा घालून सकाळपासून फाटकाशी उभे होते. दुपारची एसटी गेली, संध्याकाळची गेली. उतरली ती ओळखीचीच माणसं. "साहेबान सोडल्यान नसतलो," रोझालिना म्हणाली. मास्तरांनी त्या साहेबाला मनसोक्त शिव्या घातल्या. कुणाच्या आड येऊन याला काय मिळालं!

तीन दिवसांनी मिरजेचं पार्सल आलं. आत स्टँपांचं एक पाकीट होतं आणि एक चिठ्ठी. मास्तरांनी भिंग डोळ्यांशी धरलं.

"मास्तर, यायला जमलं नाही. तुम्ही हरकत घेतलीत, ते बरोबरच केलंत."