चाळलेलं खत

"पत्र आलं का हो?" आईने पलंगावरून विचारलं.

बाबांनी नळाखाली हात धुतले आणि टॉवेलला पुसले. "नाही आलं. गांडुळांना खायला घालून आलो."

"बरं झालं," आई म्हणाली आणि धाकटीच्या हातून दुधाचा कप घेतला.

आठ वर्षं हे असंच चाललं होतं. पोस्टमन अकराला फाटकापाशी येऊन जायचा, त्यानंतर बाबा आत आले की आईचा हा प्रश्न ठरलेला. तो ऐकला की धाकटीच्या काळजाला घरं पडत. थोरला भाऊ बाबांशी कडाकडा भांडून परदेशी गेला, त्याने जी पाठ फिरवली ती फिरवली. एक ओळ नाही, की मेला आहात की जिवंत अशी विचारपूस नाही. तेव्हा मोबाईल यायला बराच अवकाश होता, आणि त्याचा पत्ता घरात कुणालाच ठाऊक नव्हता.

जाताना धाकटीला मात्र तो म्हणाला होता, "बागकामाची परीक्षा पहिल्या नंबराने पास झालीस ती काय या टाक्यांत कुजायला?" धाकटीला ते तेव्हा गोड वाटलं होतं. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाई. स्वतः पळून गेला आणि शहाणपण इथे ठेवून गेला! दोन स्थळं तिने हातची घालवली, कारण आई अंथरुणाला खिळलेली. सरकारी बागेतली नोकरी चालून आली होती, तीही सोडली.

घरामागे रोपवाटिका आणि फाटकाला लागून गांडूळखताच्या चार टाक्या, हा त्यांचा धंदा. गांडुळांची बडदास्त बाबा जावयासारखी ठेवत. खरा जावई या घरात आलाच नव्हता, तेव्हा ती हौस तिथे भागत होती. लिंबाची सालं नकोत, मीठ नको, तेलकट नको. वर ओलं गोणपाट. आणि रोज मूठभर कागद, बोटभर पट्ट्या फाडून बादलीत भिजवलेला. कागदाचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. गुळगुळीत कागद गांडुळं खात नाहीत, तो टाकलात तर जसाच्या तसा वर येतो, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगत.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी धाकटीला बाहेर बोलावून घेतलं. "दोन महिने. फार तर तीन."

त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. डोळे मिटण्याआधी आईच्या हातात मुलाचं एक पत्र पडलं पाहिजे. आईला मोतीबिंदूमुळे माणसंसुद्धा ओळखू येत नव्हती, पत्र कुठलं वाचता येणार? पण धाकटीने वाचून दाखवलं असतं. मधल्या शिव्या गाळून, प्रेमाचे चार शब्द पदरचे घालून.

मंगळवारी बाबांना शाळेच्या बागेसाठी वीस गोणी पोचवायच्या होत्या. टेम्पोवाला आधीच हॉर्न वाजवत होता. पोस्टमन येऊन गेला, तसे बाबा टाकीपाशी जरा घुटमळले आणि घरात न डोकावताच टेम्पोत चढले.

"उरलेलं तू चाळून घे गं," ते ओरडले.

धाकटी चाळायला बसली. चहापत्तीसारखं काळंभोर, मऊ खत चाळणीतून खाली पडत होतं. वर उरलेल्या काडीकचऱ्यात एक चिकट तुकडा होता. तो तिने बाजूला फेकला, मग काहीतरी दिसलं म्हणून परत उचलला आणि पदराने पुसला.

फोटोचा तुकडा होता तो. एका लहान मुलीचं अर्धं तोंड, पुढचे दोन दात पडलेले, आणि हसताना डावीकडे कलणारे ओठ. थेट थोरल्याचे.

ती उठली. फाटकाजवळची बादली तिने ओतून काढली. वर्तमानपत्राच्या पट्ट्यांत एका पाकिटाचे तुकडे होते, न उघडताच फाडलेले. शाई पाण्यात उतरून नुसती निळाई राहिली होती, पण कोपऱ्यावर परदेशी तिकीट शाबूत होतं.

बाबांनी पाकीट उघडायचेही कष्ट घेतले नव्हते. उघडलं असतं तर गुळगुळीत फोटो त्यांच्या नजरेतून सुटला नसता. किती वर्षं चाललं होतं हे? आई तिकडे रोज वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि हा माणूस तिच्या मुलाची पत्रं किड्यांना चारून वर तोंडावर "नाही आलं" म्हणत होता! भांडण बापलेकांचं, शिक्षा आईला. धाकटीला बापाची शिसारी आली. इतकी चीड तिला जन्मात कुणाची आली नव्हती.

बाबा परत येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. काय व्हायचं ते होवो, आईला आत्ताच सांगायचं. तुझा मुलगा तुला विसरला नाही, तुला एक नात आहे. निदान एवढं सुख घेऊन तरी ती जाईल.

अंगणात चिखल होता. धाकटीने हाताला लागल्या त्या बाबांच्या जाड चपला पायात सरकवल्या आणि फटक फटक करत ती आईच्या खोलीत शिरली. फोटोचा तुकडा मुठीत घट्ट धरला होता. हुंदका आवरेना, म्हणून ती क्षणभर दारातच थांबली.

आईने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"आलात? आज सांगायला आत आला नाहीत, माझा जीव नुसता टांगणीला," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तिच्या नावाचं पाकीट तिच्या हाती नाही ना लागलं? त्या पहिल्या पत्रापासून विमानाचं तिकीट पाठवतो, नोकरी देतो, असा मागे लागलाय तो तिच्या; ती गेली, तर माझं करणार कोण?"