करिष्माचा नंबर

पालीचे निवृत्त गणित शिक्षक उत्तरेश्वर गुरुजी दोन महिने एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीचा, करिष्माचा, दहा आकडी मोबाईल नंबर मूळ संख्या आहे का, हे त्यांना हातानं काढायचं होतं. रोज दहा भागाकार. दर रविवारी तिचा फोन यायचा. पूर्वी तो जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढ्यावर आटपायचा. आता भागाकारांच्या गप्पांत चांगला अर्धा तास चालायचा.

गुरुवारी ४३२७ ने भाग गेला. बाकी शून्य. नंबर मूळ नव्हता, शोध संपला; गुरुजींनी वही मिटली.

रविवारी तिनं विचारलं, "अण्णा, कुठवर आलात?"

"साडेचार हजाराच्या पुढं. लई चिवट हाय तुझा नंबर, भागच जाईना."

"चार हजार तीनशे सत्तावीसनं जातो की. मला कॉम्प्युटरनं पहिल्याच दिवशी सांगितलं."

गुरुजी वरमले. "मग इतके दिवस कशाला इचारत राहिलीस?"

"इथं दुसरं कोण बोलतंय माझ्याशी, अण्णा?"