पाळीवरचा पहारा

शाळा बुडवून तिघं तलावावर यायचे. देवराव आणि उत्तमसिंग गळ टाकायचे. सत्यशीला दोघांची दप्तरं मांडीवर घेऊन काठच्या पाळीवर बसायची, राळेगावच्या रस्त्याकडे डोळे लावून. हेडमास्तरांची सायकल दिसली की शिट्टी मारायची.

इतक्या वर्षांनी आज तिघं पुन्हा तिथंच जमले. त्या दोघांनी पिशव्यांतून गळ काढले, तशी तिनं सवयीनं त्यांच्या पिशव्या उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

"तिकडं काहून पाहून राह्यली, सत्यशीले?" उत्तमसिंगनं पिशव्या काढून घेतल्या आणि आपला गळ तिच्या हाती दिला. "आता कोन येते आपल्याले धरायले? आपल्या शाळेची हेडमास्तरीण तूच होती ना! तूबी परवा रिटायर झाली."

सत्यशीला पाण्याकडे वळली.

"मंग गांडूळ कसं लावतेत, ते तरी दाखव मले."