निळा मेंदू

रणधीरच्या डोक्यावर तारांची टोपी चढली तशी शिवकन्येनं खुर्ची पुढं ओढली.

पुण्याहून आलेल्या मॅडम मुरुम गावच्या शाळेत पोरांचे मेंदू तपासत होत्या. गणित करताना मेंदू किती राबतो ते पडद्यावर रंगात दिसायचं. वर्गातलं एकच पोर सुट्टीत पुण्याच्या शिबिराला जाणार होतं.

ते आपलंच असावं म्हणून शिवकन्या वर्षभर रोज सांजेला रणधीरकडून दीडकी घोकून घेत होती. वडिलांनी तिला शिकवलेला दीडपटीचा जुना पाढा. पोरगा अडला की पुढचं तीच म्हणायची, तेही खड्या आवाजात. अंगणातल्या पत्र्यापलीकडं राहणाऱ्या धाकट्या जावेला, मोनिकाला, कळू दे की या घरात अभ्यास होतो!

एवढं करून वर्गात पहिली यायची ती मोनिकाची शिवांजली. शिवकन्येचा नुसता जळफळाट व्हायचा. मोनिकाला स्वतःला धड पाढे येत नाहीत, मग पोरीला शिकवतं कोण? नक्कीच चोरून शिकवणी लावलीय, आणि नाव फुटू देत नाही.

"सतराची दीडपट?" मॅडमनी विचारलं.

रणधीरनं सवयीनं आईकडं बघितलं. त्याला घाम फुटला. पडदा लालभडक झाला.

शिवकन्या हरखली, शेजारी बसलेल्या जावेला म्हणाली, "बघ मोनिका, कसा पेटलाय मेंदू!"

"व्हय की अक्का," मोनिका मनापासून म्हणाली.

मग शिवांजली बसली. तिला तेवीसची दीडपट विचारली.

"तेवीस दीडे साडेचौतीस," तिनं पटकन सांगितलं. पडदा निळाच राहिला.

"हिचं तर काय पेटलंच न्हाय," शिवकन्या हसली.

"लाल म्हणजे ओढाताण," मॅडम म्हणाल्या. "तोंडपाठ असलं की मेंदू निवांत राहतो. शिबिराला हीच येईल."

शिवकन्येचा चेहरा खाडकन उतरला.

"पण ही दीडकी आता शाळेत शिकवत नाहीत," मॅडमनी शिवांजलीला विचारलं. "तुला कुणी शिकवली गं?"

शिवकन्येनं कान टवकारले. शिबिर गेलं तर गेलं, त्या चोरट्या मास्तरणीचं नाव तरी आज कळणार होतं.

शिवांजलीनं तिच्याकडंच बोट केलं. "मोठ्या आईनं. आई म्हणती, आपल्याला पत्र्याअलीकडं ऐकू यावं म्हणूनच त्या मोठ्यानं म्हणत्यात."