बाबूचा डोळा लागलाय

बेलकडे गेलेला हात रसिकाने मागे घेतला. फोनवर तेवढ्यात निरोप उमटला होता: ‘ताई, बेल वाजवू नका. आत्ताच बाबूचा डोळा लागलाय. पिशवी फाटकाला अडकवा.’

तिने पिशवी अडकवली. थिबा पॅलेसच्या पुढे, खाडीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीवरचं ते बसकं कौलारू घर दुपारच्या उन्हात पेंगत होतं. पिशवीत नाचणीसत्त्व, वेलची केळी, बाळाचा साबण, पावडर आणि चोचीचा पेला. तान्हं नसेल, बसायला आलेलं असेल, असं मनाशी म्हणत ती पायऱ्या चढून स्कूटरपाशी आली आणि स्वतःवरच चरफडली. गिऱ्हाइकांच्या घरात डोकवायचं नाही, मनानेसुद्धा नाही, हा तिचा नियम होता.

त्या नियमामुळेच ती चटपटीत होती. ॲपवर ऑर्डर पडली की मारुती मंदिरजवळच्या मोठ्या दुकानात तिची ट्रॉली पाण्यासारखी वाहायची. जड सामान तळाला, भाजी वर, दही-दूध अगदी शेवटी. मांडण्यांच्या एकदा सोडलेल्या रांगेत पुन्हा पाऊल नाही. फक्त लहान मुलांच्या सामानाची रांग ती श्वास रोखून ओलांडायची. दोन वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात, ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली होती. नवरा अमरदीप मुंबईला कामाला. सुट्टीवर आला की दोघं सगळ्या गावाबद्दल बोलायची, तेवढं सोडून.

पण गंगा नावाच्या या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी येत राहिल्या, आणि प्रत्येक ऑर्डरीमागे एखादा निरोप.

‘ताई, मऊच केळी बघा. बाबूला दातांचा त्रास आहे.’

‘रात्रभर झोपू दिलं नाही. आज जरा उशिरा आणलंत तरी चालेल.’

आणि एका दुपारी, काही मागवायच्या आधीच: ‘बाबू आज आपला आपण बसला. उशी न लावता.’

रसिका तेव्हा दुकानातल्या शीतपेटीसमोर उभी होती. पेटीच्या काचेवर धुकं धरलं होतं. त्या धुक्यात तिला उन्हाचा चौकोन दिसला, चौकोनात सतरंजी, आणि सतरंजीवर डुगडुगत बसलेलं गुबगुबीत पोर. मागून कोणीतरी वाट मागितली तेव्हा ती भानावर आली. तिने लिहिलं, ‘दृष्ट काढा.’

‘काढली,’ उत्तर आलं.

मग ती त्या रांगेत रेंगाळू लागली. साबणाच्या वड्या हुंगून बघायची. कुठली कापडं मऊ, कुठला पेला धरायला सोपा, हे ठरवायला तिला वेळ लागायचा. बाबूसाठी डायपर कधी मागवले जात नाहीत, हे तिच्या लक्षात आलं होतं. जुन्या वळणाची आई असेल, लंगोट वापरत असेल, झालं. घरी परतताना स्कूटर आपोआप हळू व्हायची. भाट्याच्या खाडीवर ऊन तांबूस पडलेलं असायचं आणि आपल्या पुढ्यात कोणीतरी इवलंसं बसलंय, वाऱ्याला तोंड देऊन, असं तिला वाटत राहायचं.

“हल्ली तुझी गाडी बाळांच्या रांगेत अडते,” महिपत म्हणाला. तोही याच ॲपवर काम करायचा. “ऑर्डरी माझ्याकडे वळायला लागल्यात. काही गोड बातमी आहे काय?”

“नाही,” रसिका म्हणाली. आणि हातातली साबणाची वडी हुंगून तिने ट्रॉलीत ठेवली.

त्या रात्री तिने अमरदीपला फोनवर बाबूबद्दल सांगितलं. दात, झोप, बसणं, सगळं. तो बराच वेळ ऐकत राहिला.

“आपण पुन्हा बघूया का गो?” तो शेवटी हळूच म्हणाला.

“बघूया,” ती म्हणाली.

पावसाळा सरता सरता निरोप आला, ‘आज आई म्हणाला. स्पष्ट.’ दिवाळीच्या सुमारास, ‘भिंत धरून उभा राहिला.’ आणि मग एका सकाळी, ‘दोन पावलं टाकली, ताई. तुम्ही एवढं जीव लावून आणता सगळं. आज पिशवी फाटकाला नको. आत या. बेल वाजवा.’

रसिका आधी राम आळीच्या बाजारात गेली. चालताना चूं-चूं वाजणारे लाल बूट तिने घेतले आणि कागदात बांधून घेतले. पाखाडी उतरताना तिला आपलंच हसू येत होतं.

तिने बेल वाजवली. दार उघडलं ते पाठीत वाकलेल्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या म्हातारीने.

“गंगाताई आहेत?”

“मीच गंगा. ये गो बाय, आत ये. फोनात बोललं की फोनच लिहितो, नातीने शिकवून ठेवलंय.” म्हातारीने तिच्या हाताला धरलं. “तूच ना रसिका?”

“हो. पण आजी, बाबूची आई घरी नाही का?”

“मीच की त्याची आई,” म्हातारी म्हणाली. “चल. सकाळपासून वाट बघतोय तुझी.”

रसिकाच्या हातातलं पुडकं नकळत पाठीमागे गेलं.

आतल्या खोलीत, खाडीकडच्या खिडकीपाशी, डावा हात भिंतीला टेकवून साठीला आलेला, पिकल्या मिशांचा एक माणूस उभा होता. त्याचा उजवा हात लुळा लोंबत होता, ओठाचा एक कोपरा उतरला होता, आणि रसिकाकडे बघत तो जिवाच्या करारावर एक पाऊल पुढे टाकत होता.